नव्या टाकीतील पहिले चाळीस दिवस

रविवारी बाजारातून काचेची टाकी घरी येते. चेन्नईचे कोळत्तूर असो, कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीट असो वा मुंबईचे कुर्ला असो, दुकानदार टाकीबरोबर रंगीत खडी, हवेचा पंप आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत चार-सहा मासे देतो, आणि संध्याकाळपर्यंत दिवाणखान्याचा एक कोपरा उजळून निघतो. दोन-तीन दिवस मुले तेथून हलत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी किंचित दुधाळ दिसू लागते, मासे अन्न टाळतात, पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात, त्यांच्या कल्ल्यांवर लाली चढते. आठवडा संपण्याच्या आत एखादा मासा आडवा तरंगताना सापडतो. मग घरात खल होतो, मासे मुळात रोगट होते असा ठराव बहुमताने संमत होतो, टाकी रिकामी करून खसखसून धुतली जाते, नवे मासे येतात; आणि पुढच्या आठवड्यात तेच दुःख पुन्हा वाट्याला येते.

ते मासे बहुधा रोगट नसतात. त्यांनी स्वतःच पाण्यात टाकलेल्या अमोनियाने त्यांना विषबाधा झालेली असते. अन्नातील प्रथिनांचा वापर झाल्यावर उरलेला नत्र मासा मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. मनुष्याचे शरीर याच नत्राचा आधी युरिया बनवते. माशाला तो खटाटोप करण्याची गरज पडली नाही, कारण नदीत किंवा तळ्यात त्याच्याभोवती अमाप पाणी असते. चाळीस लिटरच्या टाकीत ती सोय नाही. शिवाय मुलांनी प्रेमाने टाकलेले आणि माशांनी न खाल्लेले अन्न तळाशी कुजते व अमोनियात आणखी भर घालते.

जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत असे होत नाही, यामागचे कारण सापडण्यास एका इंग्रज घराण्याच्या दोन पिढ्यांचे काम उपयोगी पडले. 1849 साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश सोडले. तळाशी वाळू आणि चिखल घातला व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी पात्रात गोगलगाई सोडल्या आणि पाणी पुन्हा निवळले. वनस्पती प्राणवायू देतात, मासे कर्बवायू देतात, गोगलगाई कुजके खातात, असा हिशेब त्यांनी 1850 साली केमिकल सोसायटीपुढे मांडला. हिशेब बरोबर होता. पण त्यात एक खाते मांडायचेच राहिले होते. तळाच्या चिखलाबरोबर पात्रात आलेल्या अदृश्य रहिवाशांची वॉरिंग्टन यांना कल्पना नव्हती.

ते रहिवासी पुढे फ्रान्समध्ये उघडकीस आले. 1877 साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या उंच नळीतून सांडपाणी थेंबाथेंबाने सोडले. पहिले वीस दिवस त्यातील अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. त्यानंतर खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले. बागेतील मातीचे पाणी घातल्यावर पुन्हा सुरू झाले. हे काम सजीवांचे आहे याविषयी मग शंका उरली नाही. नंतर रॉदॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत, पहिल्या वॉरिंग्टन यांच्याच नावाच्या मुलाने दाखवले की हे काम दोन टप्प्यांत होते: अमोनियाचे आधी नायट्राइट बनते आणि नायट्राइटचे नायट्रेट. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे जंतू वेगळे करून दाखवले. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा जंतू मात्र 2015 साली जगापुढे आला. बापाने मांडलेल्या टाकीचे कोडे मुलाने शेतातील माती तपासताना उकलावे, हा योग विलक्षण आहे खरा.

त्या नळीतील वीस दिवसांचा घरच्या टाकीशी जवळचा संबंध आहे. इतर कित्येक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. या जंतूंना त्यासाठी एक दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. टाकीत प्रथम अमोनिया चढतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उतरू लागतो. त्याच सुमारास नायट्राइट वाढते, आणि तेही उतरेपर्यंत एकूण महिना-दीड महिना जातो. माशाविना ही वाट पाहता आली तर उत्तमच. पण मासे आधीच घरात आले असतील, तर त्या चाळीस दिवसांत त्यांना जिवंत ठेवणे हेच काम उरते.

त्यासाठी पाणी बदलणे हा मुख्य उपाय आहे. हे जंतू पाण्यात फारसे नसतात. ते खडीला, काचेला आणि गाळणीच्या स्पंजाला चिकटून राहतात. म्हणून निम्मे पाणी काढल्याने विष निम्मे होते व जंतू जागच्या जागी राहतात. लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया असेल तर अर्धे पाणी बदलल्यावर एक उरतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलल्यास अर्धा. मधल्या काळात पडलेली भर अर्थात वेगळी. बाजारात मिळणाऱ्या चाचणीने रोज मोजावे आणि अर्धा मिलिग्रॅम ओलांडताच बदल करावा. नव्या पाण्याचे तापमान टाकीइतकेच असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन या जंतूंशी क्लोरोफॉर्मसारखेच वागते आणि कल्लेही जाळते. ते पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावे किंवा त्यात दुकानात मिळणारा हायपो मिसळावा. स्पंज धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळावा. टाकी घासून लख्ख करणारा गृहस्थ महिन्याभराची कमाई मोरीत ओतत असतो.

चाचणीचा आकडा वाचताना सामूकडे दुर्लक्ष होता कामा नये. शेतकऱ्यांना हा शब्द माती परीक्षणामुळे परिचित आहे. पाण्यातील अमोनियाचा मोठा भाग अमोनियम या फारसे न बाधणाऱ्या रूपात असतो. खरे विष म्हणजे उरलेला मुक्त अमोनिया. पंचवीस अंश उष्णतेत सामू 7 असताना हजारात जेमतेम सहा भाग मुक्त असतात, सामू 8 झाला की सुमारे चोपन्न. म्हणजे एकच आकडा एका घरी सोसण्याजोगा आणि कूपनलिकेचे जड पाणी भरणाऱ्या दुसऱ्या घरी जीवघेणा ठरू शकतो. उन्हाळ्यात हे प्रमाण आणखी चढते, आणि त्याच वेळी कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. जंतूंनाही प्राणवायू लागतो. म्हणून विजेची काटकसर करायची झाल्यास दिवा विझवावा, हवेचा पंप चालू राहू द्यावा.

अन्न हा उपाय सर्वांत स्वस्त आणि अमलात आणण्यास सर्वांत कठीण. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो. एक दिवसाआड चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे, आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा फळीवर ठेवावा. हायड्रिला किंवा पाण्यात मुळे सोडलेला मनीप्लँट थोडा अमोनिया शोषून घेतो. मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतील मूठभर खडी वा स्पंजाचा तुकडा ओला असतानाच आणून घातला, तर अनेक दिवस वाचतात. पहिल्या वॉरिंग्टनच्या चिखलाने नकळत हेच केले असावे.

अमोनिया उतरला म्हणून लगेच आनंद मानू नये. नायट्राइट माशाच्या रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. कल्ले तपकिरी दिसतात आणि मासा पुन्हा पृष्ठभागाशी धापा टाकतो. येथे साधे मीठ उपयोगी पडते, कारण त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दहा लिटरला एक ग्रॅम पुष्कळ झाले. पाणी बदलणे अर्थात चालूच ठेवावे.

मग एके दिवशी दोन्ही चाचण्या शून्य दाखवतात आणि नायट्रेट दिसू लागते. त्या दिवशीही बाजारात धावून डझनभर मासे आणू नयेत. जंतूंची संख्या रोज मिळणाऱ्या अमोनियाइतकीच असते, त्याहून अधिक नसते. दोन मासे वाढवावे, दहा-बारा दिवस मोजत राहावे, आणि आकडे हलले नाहीत तर आणखी दोन आणावे.