थंडींत बीं कधीं व कसें पेरावें

उत्तर युरोप, कानडा किंवा अमेरिकेचा उत्तर भाग येथील बागकामाचीं पुस्तकें चाळलीं, तर त्यांतील एक गोष्ट वाचून मालवणच्या माणसास नवल वाटल्यावांचून राहात नाहीं. जमीन दगडासारखी गोठलेली, झाडावर पान उरलेलें नाहीं, अशा ऐन हिवाळ्यांत तेथील हौशी लोक बीं पेरतात. आणि तेंहि शेगडीच्या उबेला नव्हे, तर घराबाहेर, उघड्यावर, बर्फांत. इकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरहि भाजीपाल्याचें बीं पडतें तें हिवाळ्याच्या तोंडाशींच. दोन्हीकडे ऋतु एक आणि काम एक. परंतु त्यामागील कारणें अगदीं निराळीं आहेत. तीं नीट समजलीं, म्हणजे नवशिक्याच्या हातून होणाऱ्या पुष्कळशा चुका आपोआप टळतात.

प्रथम बीं म्हणजे काय तें पाहूं. चवळीचा एक दाणा रात्रभर भिजत घालावा आणि सकाळीं त्याचें साल काढून दोन डाळी हलकेच विलग कराव्या. त्यांच्या सांध्याशीं एक चिमुकलें रोप मुडपून बसलेलें साध्या डोळ्यांनीं दिसतें. त्या दोन डाळी म्हणजे त्या रोपाची शिदोरी. पहिलीं हिरवीं पानें उघडून स्वतःचें अन्न स्वतः करूं लागेपर्यंत रोपाला एवढ्यावरच निभावावें लागतें. हें निजलेलें रोप जागें होण्यास तीन गोष्टी एकाच वेळीं मिळाव्या लागतात: पाणी, हवा आणि बेताची ऊब. पाण्याचा अतिरेक झाला, तर मातींतील हवा कोंडते व बीं कुजतें. पाणी व हवा असून ऊब नसेल, तर तें नुसतें भिजून पडून राहतें आणि बुरशीच्या तोंडीं जातें.

या तिन्ही गोष्टी मिळूनहि कांहीं बिया उगवत नाहींत. सफरचंदाचें बीं फळांतून काढून लगेच ओल्या, उबदार मातींत घातलें, तर तें बहुधा स्तब्धच राहतें. हा त्याचा दोष नव्हे, शहाणपणा आहे. काश्मीर किंवा हिमाचलासारख्या मुलखांत फळ पिकून गळतें तें हिवाळ्याच्या आधीं. त्याच वेळीं बीं उगवलें, तर कोवळें रोप पहिल्याच हिमांत मरून जाईल. म्हणून निसर्गानें त्या बियाला जणूं कुलूप घातलें आहे, आणि त्याची किल्ली थंडीच्याच हातीं दिली आहे. पाणी गोठण्याच्या थोडेंसें वर असें उष्णतामान, सोबत ओलावा, आणि अशी सुमारें दोन ते तीन महिन्यांची मुदत, एवढें झालें म्हणजे कुलूप उघडतें आणि वसंताची ऊब येतांच अंकुर फुटतो.

थंड देशांतील उघड्यावरची पेरणी ती हीच. खालीं पाणी निथळण्यास भोकें असलेल्या पेटींत माती भरून बीं पेरतात, वर हवा खेळेल असें पारदर्शक झांकण घालतात आणि पेटी अंगणांत ठेवून देतात. पुढचें काम बर्फ, पाऊस आणि ऊन करतात. परंतु तेथेंहि नवशिक्यास एक विवेक ठेवावा लागतो. ज्या बियांना थंडीची किल्ली लागते, किंवा ज्यांचीं रोपें हिंव सोसतात, त्याच या पद्धतीला योग्य. थंड मुलखांतील पुष्कळशीं रानफुलें पहिल्या वर्गांत येतात. कोबी व सालीट हीं दुसऱ्या. घेवडा, काकडी, भोपळा हीं उष्ण प्रदेशाचीं लेंकरें. तीं गार चिखलांत कुजून जातात. टोरँटो किंवा शिकागो येथें स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी गृहिणीनें तांबड्या माठाचें बीं शेजारणीचें पाहून जानेवारींत बर्फावर पेरलें, तर त्या बियाचा थंडीपासून कांहींच लाभ व्हावयाचा नाहीं. माठाला गोठणाऱ्या रात्री संपून जमीन चांगली उबेपर्यंत थांबविलें पाहिजे. पेरणीचा महिना शेजाऱ्याकडून उसना घेतां येत नाहीं. तो बियालाच विचारावा लागतो.

आतां मालवणच्या किनाऱ्याकडे वळूं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकांठीं सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्या धारांत माठामुळ्याचें बारीक बीं वाहून जातें. जें उरतें त्याचीं रोपें सततच्या ओलीनें मान टाकतात. चैत्र-वैशाखांत ऊन कडक, विहिरीचें पाणी तळाला, आणि किनाऱ्यावरची रेती तव्यासारखी तापलेली. या दोन टोकांच्या मध्यें कार्तिक ते माघ हे चार महिने उसंतीचे. पाऊस थांबलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात, ऊन सोसवतें, आणि रात्रीं गारवा असला तरी जमीन गोठण्याची गोष्ट स्वप्नांतहि नसते. थंड देशांत हिवाळा बियाला किल्ली देतो; मालवणांत तो त्याला उसंत देतो. बियाला लागणारें पाणी, हवा आणि ऊब यांचें माप येथें याच दिवसांत माणसाच्या हातीं येतें.

परंतु हाहि नियम सरसकट सर्व बियांस लावूं नये. आंबा, फणस, कोकम यांचीं फळें पिकतात तीं पावसाळ्याच्या उंबरठ्यावर. पुढें चार महिने पाऊस निश्चित असल्यामुळें त्यांच्या बियांना थांबण्याची विद्या निसर्गानें शिकविलेलीच नाहीं. त्या वाळल्या कीं मेल्या. आंब्याची बाठ कांहीं आठवडेच जिवंत राहते. फणसाच्या आठळीचेंहि तसेंच. मे महिन्यांतली बाठ जपून ठेवून दिवाळीनंतर पेरणाराच्या पदरीं निराशाच यावयाची. उलट माठ, मुळा, चवळी, कुळीथ, वाल, मिरची, वांगें यांच्या बिया वाळविल्यावरच टिकतात आणि महिनोगणती वाट पाहूं शकतात. पहिल्या वर्गाचें बीं हातीं येतांच मातींत घालावें आणि दुसऱ्या वर्गाचें वाळवून थंडीसाठीं राखावें, हा येथील नवशिक्याचा पहिला धडा.

कोंकणांतली थंडी सौम्य खरी. पण ती अगदींच परिणामशून्य नसते. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे असे शेतकरी पावसाळी भात कापल्यावर वायंगणी भात करतात. त्याचें बियाणें भिजवून, निथळून, गोणपाटांत बांधून वर पेंढा व वजन ठेवतात. त्या दडपणांत ऊब धरते आणि मोड फुटतात. थंडीच्या दिवसांत ही ऊब जपावी लागते, आणि पुढें तरव्यांतलीं रोपेंहि पावसाळ्यापेक्षां सावकाश वाढतात. कुळथाचें तंत्र याहून सोपें. भात निघालेल्या जमिनींत जी ओल उरते, तिच्यावरच तें पीक पोसलें जातें. म्हणून तेथें पेरणीला उशीर करून चालत नाहीं. ओल खालीं गेली कीं संधि गेली.

परसांतील वाफ्यासाठीं दसऱ्यानंतरचा परतीचा पाऊस सरला, म्हणजे काम सुरू करावें. वाफा सुमारें चार फूट रुंद असावा, म्हणजे दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचतो आणि मातींत पाय द्यावा लागत नाहीं. तो जमिनीपासून वीतभर उंच करावा. जांभ्याच्या मातींतील खडे वेंचून तींत कुजलेलें, चाळलेलें शेणखत मिसळावें. किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनींत पाणी ठरत नाहीं. तेथें खताचा हात अधिक सढळ ठेवावा. शेणखत कच्चें मात्र नसावें. तें मातींत तापतें आणि कोंवळ्या मुळांना जाळतें.

बीं किती खोल घालावें, याचें एकच माप लक्षांत ठेवावें: बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. चवळी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, मुळा अर्धा इंच, आणि माठ जवळजवळ पृष्ठभागावरच. माठाचें बीं इतकें बारीक असतें कीं तें मुठीनें पेरल्यास एका जागीं दाटी होते व दुसरी जागा मोकळी राहते. म्हणून त्याच्या चौपट-पांचपट कोरडी बारीक रेती मिसळून तें विखरावें आणि वरून तळहातानें माती दाबावी. धण्याचा प्रत्येक दाणा म्हणजे एक फळ असून त्यांत दोन बिया असतात. तो हलक्या हातानें चोळून दुभंगावा व मग पेरावा. मिरची व वांगें यांचीं रोपें आधीं वाफ्यांत वाढवून चार ते सहा आठवड्यांनीं कायमच्या जागीं लावावीं.

पाणी बारीक धारेच्या झारीनें द्यावें. झारी नसेल, तर जुन्या डब्याच्या तळाला खिळ्यानें भोकें पाडलीं तरी भागतें. वेळ सकाळची बरी. संध्याकाळीं फार पाणी दिल्यास वाफा रात्रभर भिजत राहतो आणि रोपें मुळाशीं काळीं पडून आडवीं होतात. दाट पेरणी व अति पाणी हींच या रोगाचीं मुख्य कारणें. बीं उगवेपर्यंत वाफ्यावर पेंढ्याचा पातळ थर असावा. अंकुर दिसतांच तो संध्याकाळच्या वेळीं काढावा. मुंग्या माठाचें बीं उचलून नेतात, म्हणून कडेनें कोरड्या राखेची रेघ ओढावी व ती ओली झाल्यास पुन्हां ओढावी. कोंबड्यांसाठीं मात्र राख पुरत नाहीं. त्यांना माडाच्या चुडतांचें कुंपणच पाहिजे.

यापुढचें काम धीराचें. माठ, मुळा, चवळी तीन ते पांच दिवसांत वर येतात. मिरचीला आठ-दहा दिवस, कधीं अधिकहि लागतात. धणे पंधरवडाहि घेतात. चौथ्या दिवशीं मिरचीचा वाफा उकरून पाहणारा नवशिका जिवंत बीं आपल्याच हातानें मारतो.

जुन्या बियाविषयीं शंका असेल, तर ती पेरणीपूर्वींच फेडून घ्यावी. २० दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळून तें फडकें आठ-दहा दिवस ओलसर ठेवावें. १६ उगवले तर बीं उत्तम. १० उगवले तर पेरणी दुप्पट दाट करावी. तीन-चारच उगवले, तर त्यांतलें एकहि रोप वायां न दवडतां त्यांपासून नवें बीं धरावें.

येथें या विषयाचा खरा जिव्हाळ्याचा भाग येतो. वाळलेलें बीं निजलेलें असलें तरी त्याचें आयुष्य घटकेघटकेनें सरत असतें. अमेरिकेंत मिशिगन येथें विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८७९ सालीं निरनिराळ्या जातींच्या बिया बाटल्यांत भरून जमिनींत पुरल्या. २०२१ सालीं त्यांतील एक बाटली काढली, तेव्हां एका रानटी झाडाच्या कांहीं बिया १४२ वर्षांनंतरहि उगवल्या. परंतु हा चिवटपणा रानाचा. कांद्याचें बीं साध्या साठवणींत वर्षा-दोन वर्षांतच निःसत्त्व होतें. बीजशास्त्रांतील एक ढोबळ नियम असा कीं, बियांतील ओल शेंकडा १ नें घटविली किंवा साठवणीचें उष्णतामान ५ अंश सेल्सिअसनें उतरविलें, तर बियाचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें. मालवणची हवा दमट व उबदार. म्हणजे दोन्ही बाबतींत प्रतिकूल. घरोघरच्या आज्या बीं कडक वाळवून, राख मिसळून, घट्ट तोंडाच्या मडक्यांत चुलीवरच्या माळ्यावर ठेवीत, त्यांतलें मर्म हेंच होतें.

मडकें कितीहि चांगलें असलें, तरी बियाचें खरें कोठार जमीनच होय. दर वर्षा-दोन वर्षांनीं पेरून नवें धरलें, तरच तें टिकतें. आणि नेमकी येथेंच आजच्या सिंधुदुर्गाची अडचण आहे. मुंबईस राहणारा चाकरमानी घर उघडतो तो गणपतींत आणि मे महिन्यांत. एकदां मुसळधार पावसांत, एकदां रखरखीत उन्हांत. बियाची वेळ या दोहोंच्या मध्यें, कार्तिकांत येते. आणि तेव्हां पुष्कळ घरांना कुलूप असतें. अशा दोन-तीन थंड्या रिकाम्या गेल्या, म्हणजे माळ्यावरच्या मडक्यांतला वाल किंवा त्या घरानें पिढ्यान् पिढ्या निवडून राखलेली मिरची निमूटपणें मरते. वरून दाणा तसाच तुळतुळीत दिसतो. पण आंतला जीव गेलेला असतो, आणि तें वाण कोणत्याहि दुकानांत विकत मिळत नाहीं. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढींत पिकांचीं बियाणीं उणे १८ अंशांत जतन केलीं जातात, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. परंतु प्रत्येक घरचें मडकें तेथवर पोंचणें शक्य नाहीं.

यावरचा उपाय मात्र घरगुती आहे. गणपतीला घर उघडलें, कीं माळ्यावरचें मडकें खालीं काढावें व फडक्याची परीक्षा तेव्हांच करून घ्यावी. स्वतःस कार्तिकांत येणें जमत नसेल, तर जिवंत निघालेल्या बियापैकीं मूठभर गांवांत राहणाऱ्या शेजाऱ्यास द्यावें आणि मूठभर आपल्याबरोबर न्यावें. मुंबईच्या सज्जांतील एका कुंडींतहि मिरचीचीं दोन झाडें वाढतात, आणि चांगल्या पोसलेल्या दोन झाडांचीं पिकलेलीं फळें पुढच्या सालच्या बियाला पुरून उरतात. पाकिटावर वाणाचें नांव, गांव आणि बीं धरल्याचें वर्ष लिहून ठेवावें. शेजाऱ्याचें बीं एखाद्या सालीं चुकलें, तर कुंडींतलें उपयोगी पडेल. कुंडींतलें चुकलें, तर शेजाऱ्याचें. दोन घरीं पेरलेलें बीं सहसा एकदम बुडत नाहीं.