हत्ती गेला, शेपूट राहिले

प्रवासाचा आरंभ घराच्या उंबरठ्यावर होतो आणि त्याचा शेवटही दुसऱ्या एखाद्या उंबरठ्यावरच होतो. मधला आगगाडीचा, मोटारीचा अथवा बोटीचा टप्पा कितीही वेगाने पार पडला, तरी दोन्ही टोकांचे तुकडे त्याला जुळले नाहीत तर प्रवास पुरा झाला असे म्हणता येत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगावी लागावी याचेच आश्चर्य वाटते. परंतु कोकणातील वाहतुकीकडे पाहिले म्हणजे ती पुन्हा पुन्हा सांगण्यावाचून गत्यंतर नाही, असे आमचे मत झाले आहे. मुंबईहून चारशे किलोमीटरांचे अंतर आगगाडीने रातोरात तोडून आलेला वृद्ध चाकरमानी भल्या पहाटे स्थानकाच्या आवारात बोचक्यावर बसून उजाडण्याची वाट पाहतो. उरलेल्या तीस किलोमीटरांसाठी एसटी नसते, आणि रिक्षावाला जे भाडे सांगतो ते आगगाडीच्या तिकिटाहून कितीतरी अधिक असते. हत्ती गेला आणि शेपूट राहिले म्हणतात, ते हेच.

कोकणात साधनांचा दुष्काळ आहे असे आज कोणी म्हणू शकणार नाही. अ. ब. वालावलकरांनी ज्या रेल्वेचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पै यांनी जिच्यासाठी संसदेत आवाज उठवला, आणि मधु दंडवते व जॉर्ज फर्नांडिस यांनी जिला मूर्त रूप देण्यासाठी आपले वजन खर्च केले, ती कोकण रेल्वे १९९८ साली सलग धावू लागली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा हा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग डोंगर पोखरून आणि खाड्या ओलांडून ई. श्रीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला. तो मार्ग आपल्या अभियंत्यांच्या कर्तृत्वाची साक्ष आहे, याविषयी दुमत नाही. एसटी तर १९४८ पासून खेडोपाडी पोहोचली आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली हाती घेण्यात आले आणि त्याच्या रखडकथेने कोकणी माणसाच्या सोशिकतेची परीक्षा पाहिली. पश्चिमेस समुद्र आहे, त्याच्या खाड्या आत खोलवर शिरल्या आहेत, आणि दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, दिघी-आगरदांडा अशा ठिकाणी मोटारींसह माणसे पार नेणाऱ्या फेरीबोटी चालतात. रेल्वे आहे, रस्ता आहे, पाणी आहे. पण तिघांची भेट होत नाही. तीन तिघाडा काम बिघाडा!

या बिघाडाचे मूळ कोठे आहे ते पाहण्यासाठी कोकण रेल्वेच्या स्थानकांची नावे वाचली तरी पुरे. संगमेश्वर रोड, राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड, सावंतवाडी रोड. ‘रोड’ या पुस्तीचा साधा अर्थ असा की, गाव येथे नाही. ते अजून पुढे आहे. यात रूळ टाकणाऱ्यांचा दोष आहे असे आम्ही मानीत नाही. वेगवान गाड्यांसाठी चढ सौम्य हवा आणि वळण मोठे हवे, ही यंत्राची अट होती; तिच्यापुढे गावाच्या वेशीला झुकावे लागले. शिवाय कोकणातील जुनी नांदती गावे बंदराकाठची, आणि रेल्वे मात्र किनारा सोडून आतून गेलेली. दापोलीच्या माणसाने खेडला उतरावे, गुहागरच्या माणसाने चिपळूणला, देवगडच्या माणसाने कणकवलीला किंवा नांदगावला, मालवणच्या माणसाने कुडाळला, हे भूगोलानेच ठरविलेले आहे. भूगोल आपल्याला बदलता येत नाही. वेळापत्रक मात्र बदलता येते, आणि तेच आपण बदललेले नाही.

जुन्या आगबोटीच्या काळाचे कोडकौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. त्या प्रवासात हाल पुष्कळ होते. बोट बंदराबाहेर उभी राही, उतारू पडावात उड्या टाकून किनाऱ्याला येत, आणि पावसाळ्यात तर किनाऱ्याची ही वाहतूक बंदच असे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. तो घाव कोकण अजून विसरलेले नाही. तथापि त्या काळातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आगबोट लागण्याच्या वेळेवर बंदरातील सारे व्यवहार बेतलेले असत. दाभोळास उतरलेला माणूस खाडीतल्या लाँचने चिपळूणच्या गोवळकोट धक्क्याला जाई. अन्यत्र बैलगाड्या आणि पुढे मोटारी बोटीची वाट पाहत उभ्या असत. साधने दुबळी होती. पण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती माणूस सोपविण्याची रीत होती. आज साधने बळकट झाली आणि ती रीत तेवढी सुटली.

मालाच्या बाबतीत हेच दुखणे अधिक महाग पडते. हापूस आंब्याचे उदाहरण घ्या. झाडावरून उतरवलेला आंबा पेंढ्यात नीट रचून पेटी बांधली जाते, आणि ती लवकरात लवकर वाशीच्या बाजारात पोहोचावी म्हणून बागायतदार जीव टाकतो. ही पेटी आगगाडीने पाठवायची म्हटली तर बागेतून टेम्पोत, टेम्पोतून फलाटावर, फलाटावरून डब्यात, डब्यातून पुन्हा फलाटावर आणि तेथून पुन्हा टेम्पोत अशी ती चढवावी-उतरवावी लागते. प्रत्येक हाताळणीत वेळ जातो, हमाली जाते आणि फळाला मार बसतो. डाग पडलेल्या आंब्याला बाजारात काय भाव येतो हे बागायतदारास सांगण्याची गरज नाही. म्हणून तो ट्रकची वाट धरतो आणि महामार्गावरील खड्ड्यांना शिव्या देत माल नेतो. रुळांवरील भाडे स्वस्त असूनही माल रस्त्यावर का जातो, या कोड्याचे उत्तर रुळांत नाही. ते सांध्यात आहे.

जगाच्या व्यापारात हे कोडे ज्याने सोडविले तो कोणी मोठा शास्त्रज्ञ नव्हता. माल्कम मॅक्लीन हे ट्रकच्या धंद्यातील अमेरिकन गृहस्थ. जहाजाचा खर्च समुद्रात होत नाही, तो धक्क्यावर एकेक नग चढविण्या-उतरविण्यात होतो, हे त्यांनी ओळखले. १९५६ साली त्यांनी नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ बंद पेट्या एका जहाजावरून धाडल्या. ट्रकवरची पेटी न उघडता तशीच जहाजावर, आणि जहाजावरून तशीच पुन्हा ट्रकवर. त्या कंटेनरच्या युक्तीने जगातील बंदरांचे रूप पालटले. आपल्याकडे १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात तीच रीत रोज चालू आहे. तेथून कंटेनरच्या आगगाड्या थेट उत्तर हिंदुस्थानात जातात. तेव्हा हे शास्त्र आपणास अवगत नाही असे नाही. जयगडसारखे खोल पाण्याचे बंदर असूनही आगगाडीचा रूळ तेथवर गेलेला नाही, आणि सह्याद्री उतरून रत्नागिरी-सिंधुदुर्गात येणारा एकही लोहमार्ग आजवर झालेला नाही, याला अज्ञान हे कारण देता येणार नाही.

कोकण रेल्वेने स्वतःही या दिशेने एक उत्तम पाऊल टाकले होते. भरलेले मालट्रक सपाट वाघिणींवर चढवून रायगडातील कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत नेण्याची ‘रो-रो’ सेवा १९९९ साली सुरू झाली. पुढे ती सुरतकलपर्यंतही चालविण्यात आली. यात माल हलवावा लागत नाही, डिझेल आणि टायर वाचतात, घाटवळणांचा धोका टळतो आणि चालकास डोळा लावता येतो. २०२५ च्या गणेशोत्सवात हीच सोय खाजगी मोटारींसाठी करण्याचे ठरले, तेव्हा मात्र ती मुळात कोलाड ते वेर्णा अशीच आखली गेली. गणपतीला जाणाऱ्या चाकरमान्याचे गाव या दोहोंच्या मध्ये असते, ही गोष्ट आखणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी. ओरड झाल्यावर सिंधुदुर्गातील नांदगाव रोड येथे मोटारी उतरविण्याची व्यवस्था करण्यात आली. ही दुरुस्ती झाली हे चांगलेच. पण ती आधी का सुचली नाही याचा विचार व्हावयास हवा. योजना यंत्राच्या सोयीने सुरू झाली, माणसाच्या घरापासून सुरू झाली नाही, हेच त्याचे उत्तर आहे.

पूर्वी शाळेत काळ-वेगाची उदाहरणे घालताना आम्ही मुलांना गाडी किती वाजता सुटते आणि ताशी किती वेगाने धावते एवढेच सांगत असू. फलाटावर वाट पाहण्याचा काळ त्या उदाहरणात कधी धरलेला नसे. आमच्या वाहतूक संस्था अजूनही तेच उदाहरण सोडवीत बसल्या आहेत. रेल्वे आपली गाडी वेळेवर आली की कृतकृत्य होते. एसटी आपल्या फेऱ्या पुऱ्या झाल्या की समाधान मानते. बंदरे आणि फेरीबोटी मेरिटाइम बोर्डाच्या देखरेखीखाली, तर महामार्ग आणखी कोणाच्या. प्रत्येकाचा ताळेबंद निराळा आहे, आणि दोघांमधला सांधा कोणाच्याच ताळेबंदात नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्यांचा वेग उतरवून त्यांचे निराळे वेळापत्रक लागू होते. त्या दिवशी स्थानकावरून सुटणाऱ्या एसटीच्या वेळाही बदलल्या पाहिजेत, हे पाहणे नेमके कोणाचे काम आहे?

हे काम अशक्य आहे असे कोणी सांगू नये. स्वित्झर्लंड हा आपल्याहून अधिक डोंगराळ देश. तेथे १९८२ पासून साऱ्या देशाच्या गाड्या ठरावीक तासाच्या ठेक्यावर धावतात आणि दुर्गम खेड्यांत जाणारी पिवळी पोस्टाची बस आगगाडीच्या वेळेला जोडलेली असते. तिकीटही एकच चालते. इतके दूर जावयाचे नसेल तर अलिबागकडे पाहावे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागला नेणाऱ्या बसचे भाडे असते, आणि बस धक्क्यावर उभी असते. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारींसह नेणारी बोट सुरू झाली, तेव्हा तीन-चार तासांचा रस्ता तासाभराच्या जलप्रवासावर आला. मुंबई महानगरात २०२५ च्या ऑक्टोबरात ‘मुंबई वन’ या नावाने ११ वाहतूक सेवांची तिकिटे एकत्र आली. मुंबईकरास जे मिळते ते त्याच्या गावाकडील आईबापांस का मिळू नये?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, रात्री-अपरात्री पाच-सात उतारूंसाठी बस सोडणे तोट्यातील एसटीस परवडणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. पण तो उतारू एकट्या एसटीचा नाही, रेल्वेचाही आहे. तेव्हा तो तोटा दोघांनी आणि सरकारने वाटून घेणे न्यायाचे होईल. दुसरा आक्षेप रिक्षा आणि टमटमवाल्यांच्या पोटाचा. त्यांना हाकलून द्यावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ठरावीक दराने, पाळीपाळीने, याच व्यवस्थेचा एक घटक म्हणून त्यांना सामावून घेतले तर त्यांचाही धंदा बांधला जाईल आणि उतारूचीही नाडवणूक थांबेल.

सरकारकडे आमचे मागणे माफक आहे. कोकणातील प्रत्येक जिल्ह्यात रेल्वे, एसटी आणि मेरिटाइम बोर्ड यांची जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली एक संयुक्त समिती नेमावी, आणि तिला नुसता सल्ल्याचा नव्हे, तर वेळापत्रक ठरविण्याचा अधिकार द्यावा. रेल्वेचे वेळापत्रक बदलेल त्याच दिवशी एसटीचे बदलावे. गाडीस थोडा उशीर झाला तर अखेरच्या बसने थांबावे. मुंबईस काढलेल्या तिकिटावर देवगडपर्यंत जाता यावे. स्थानकाच्या आवारात एसटीचा थांबा, छप्पर आणि दिवा असावा. आंब्या-काजूच्या मोसमात निवडक स्थानकांवर ट्रक चढविण्याचे उतरते धक्के आणि शीतगृहे असावीत. यातील एकाही गोष्टीस डोंगर पोखरावा लागत नाही. जे डोंगर पोखरायचे होते ते तीस वर्षांपूर्वी पोखरून झाले आहेत.

कोकणातील खेडी ओस पडत चालली आहेत, तरुण मुंबईस जातात आणि घरे कुलपात राहतात, म्हणून आपण हळहळतो. गावी राहून बागायत करणाऱ्याचा माल धडपणे बाजारात जाईल आणि आजारी माणसास शहरातील इस्पितळात नेऊन त्याच दिवशी परत आणता येईल, तरच माणूस गावी टिकेल. पुढच्या गणपतीत गाडीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्यास स्थानकाबाहेर दिवे लावून उभी असलेली आपल्या गावची एसटी दिसावी, एवढी व्यवस्था जरी सरकारने केली, तरी नव्या महामार्गाच्या घोषणेपेक्षा कोकण तिला अधिक मोल देईल.