गाभ्याची फळी

चिमूरहून कोलाऱ्याच्या रस्त्याला लागलं की ताडोबाचं प्रवेशद्वार येण्याआधीच रिसॉर्टच्या पाट्या दिसू लागतात. खोलीपुढे उघड्यावर लाकडी ओटा आणि भिंतींना बाहेरून फळ्या, ही आता इथल्या बांधकामाची रीतच होत चालली आहे. कंत्राटदार त्यांना डेक आणि क्लॅडिंग म्हणतात. दोन-तीन पावसाळ्यांत असा ओटा करपला, फळ्या पिळवटल्या, की मालक लाकडाला बोल लावतो आणि पुढच्या वेळी टाइल्स घालतो. देशातलं नावाजलेलं सागवान ज्या भागात वाढतं, तिथे लाकडाचा असा पराभव पाहताना वाईट वाटतं, कारण तो टाळता येतो.

इथल्या सागाची ख्याती नवी नाही. व्यापारी त्याला आजही जुन्या मध्य प्रांताच्या नावाने 'सीपी टीक' म्हणतात. आलापल्लीच्या जंगलात सहा हेक्टरांचा एक तुकडा 1953 पासून न तोडता राखलेला आहे. त्याला 'वनवैभव' म्हणतात. तिथल्या जुन्या सागाच्या बुंध्याशी उभं राहिलं की ही ख्याती कशातून आली ते कळतं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून मिरवणुकीने गेलं ते याच भागातलं सागवान. पण दार छपराखाली असतं. ओट्याच्या फळीवर मात्र ऊन आणि पाऊस दोन्ही थेट पडतात, आणि तिथे 'सागवान' एवढं नाव पुरत नाही.

आरा मशीनवर ओंडका चिरताना थोडा वेळ उभं राहावं. साल निघाल्यावर पहिल्या कापात पिवळट पांढरा पट्टा दिसतो आणि त्याच्या आत सोनेरी तपकिरी गाभा. मोठ्या वयाच्या झाडात पांढरा भाग बोटभर असतो, तर विरळणीत निघालेल्या कोवळ्या बल्ल्यांमध्ये तो निम्म्या लाकडापर्यंत जातो. गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, ती उधईला आणि बुरशीला नकोशी. शिवाय रबरासारखा एक चिकट अंश असतो, त्यामुळे पाणी सहज आत शिरत नाही. हाताला जो तेलकटपणा लागतो तो हाच. पांढऱ्या भागात यातलं काहीच नसतं. जमिनीला टेकलेली पांढऱ्याची फळी उधई आंब्याच्या फळीसारखीच खाऊन टाकते. दुकानात फळीची एक कड गाभ्याची आणि दुसरी पांढऱ्याची असेल, तर पॉलिश चढल्यावर ते ओळखू येत नाही. म्हणून बाहेरच्या कामाचं लाकूड नेहमी कोरं, रंधा न मारलेलं पाहून घ्यावं, आणि त्यासोबत वाहतूक परवाना व ओंडक्यावरची हातोड्याची निशाणीही पाहावी.

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने लाकडाच्या टिकाऊपणाची परीक्षा फार साध्या रीतीने घेतली आहे. गाभ्याचे दोन फूट लांब, दोन इंच जाड चौकोनी तुकडे जमिनीत निम्मे पुरायचे आणि कधी कुजतात ते पाहत राहायचं. 120 महिने किंवा त्याहून जास्त टिकलं ते पहिल्या वर्गाचं, 60 ते 120 महिने टिकलं ते दुसऱ्या, त्याखालचं तिसऱ्या. साग, बिजा, अंजन, खैर पहिल्या वर्गात येतात. सालई, आंबा, सावर तिसऱ्यात. खेड्यातल्या वाढयाला हे वर्ग ठाऊक नव्हते, पण बंडीचा आख धावड्याचा, चाक बाभळीचं, घराचे खांब सागाचे नाहीतर ऐनाचे, ही वाटणी त्याने पिढ्यान्‌पिढ्या केली. घराच्या भिंतीला मात्र इथल्या झाडीपट्टीत लाकडाची फळी कधी लागली नाही. तिथे बांबूचा कूड आणि त्यावर मातीचा लिंपा असायचा, आणि पावसाच्या माऱ्याला अडवायला पुढे आलेली वळचण. ही वळचण आजच्या वास्तुरचनेतून गेली, हे क्लॅडिंग खराब होण्यामागचं मोठं कारण आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दोन फूट छप्पर पुढे काढलं तर भिंतीवरची फळी कितीतरी जास्त वर्षं जगते.

लाकूड कुजतं ते साचलेल्या ओलीने, आणि चिमूरचं हवामान या बाबतीत कडक आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की फळीतला ओलावा सहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. ऑगस्टमध्ये तोच सोळाच्या वर चढतो. साग पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे सहा टक्के आक्रसतो, तर वलयांना आडव्या दिशेने अडीच टक्केच. याचा हिशेब चार इंची फळीवर केला, तर साधी चिरलेली फळी उन्हाळा-पावसाळ्यात जवळजवळ दोन मिलिमीटर हलते. वलयं फळीच्या जाडीत उभी राहतील अशी चिरली, तर एक मिलिमीटरही हलत नाही. म्हणून ओट्यासाठी उभ्या रेघांची फळी मागावी, भले चिरताना लाकूड थोडं जास्त वाया जावो. रुंद फळीचा मोह टाळावा. उन्हाळ्यात पाच-सहा मिलिमीटरची फट सोडून फळ्या बसवल्या की पावसाळ्यात त्या एकमेकींना ढकलत नाहीत आणि पाणी खाली निघून जातं. साधा लोखंडी खिळा ओल्या सागावर काळे ओघळ सोडतो. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्यावा, आणि तोही आधी छिद्र पाडून.

सागाचा गाभा परवडत नसेल तर पाइन वापरायला हरकत नाही, फक्त तो दाबाखाली औषध भरलेला हवा. या विद्येचा उगम आपल्याच देशात आहे. देहरादूनला सोंती कामेशम यांनी 1933 मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण तयार केलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किडीला, आणि क्रोमियम दोघांना लाकडात घट्ट धरून ठेवतं. पुढे अमेरिकेतल्या घरांमागचे ओटे कित्येक दशकं याच औषधावर टिकले. आर्सेनिकच्या भीतीने 2003 च्या अखेरीस तिथे घरगुती वापर थांबला आणि तांब्यावर आधारलेली, आर्सेनिकविरहित औषधं आली. आपल्याकडे मात्र बोरॅक्स-बोरिक ॲसिडमध्ये बुडवलेला माल 'ट्रीटेड' म्हणून विकला जातो. आतल्या बांबूकामाला तो उत्तम आहे. पण ते क्षार पाण्यात विरघळतात आणि उघड्यावर पावसाबरोबर वाहून जातात. ब्रशने फासलेलं औषध तर लाकडात खोल उतरतच नाही. एक गोष्ट इथे उपयोगी पडेल: सागाचा गाभा औषध शोषत नाही, पण पांढरा भाग शोषतो. विरळणीच्या बल्ल्यांना दाबाखाली औषध दिलं, तर कुंपणाला आणि ओट्याखालच्या आधारांना त्या चालतील.

राहिलं वरचं काम. चकचकीत पॉलिशचा पापुद्रा बाहेर लावूच नये. ऊन त्यातून पार होऊन खालच्या लाकडाचा लिग्निन जाळतं, पापुद्र्याची पकड सुटते, भेगेतून पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. मग सगळं खरवडण्यावाचून गत नसते. तेलाचं तसं नाही. ते झिजतं, सोलपटत नाही, आणि पुन्हा लावताना साधी घासणी पुरते. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत ओलीवर जवस घेतला जातो, त्याचं उकळलेलं तेल या कामाला जुनं आणि चांगलं. मात्र कच्चं तेल आठवडा-आठवडा सुकत नाही आणि त्यावर बुरशी काळे ठिपके धरते, म्हणून बुरशीनाशक आणि तपकिरी रंगद्रव्य मिसळलेलं घ्यावं. रंगद्रव्यच उन्हाला अडवतं. नुसतं पारदर्शक तेल ते करू शकत नाही. सागावर हात देण्याआधी थिनरचा बोळा फिरवला की वरचा तेलकटपणा निघतो आणि नवं तेल मुरतं. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्यायचं. पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. त्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात. इथे तेल द्यायचा काळ दिवाळीनंतरचा, फळी पुरती सुकली की. गाड्यांचं जळकं ऑइल फासणाऱ्यांनी ते सोडावं. ते पाहुण्यांच्या पायाला लागतं आणि पावसात वाहून ताडोबाच्या ओढ्यांकडे जातं. काहीच लावायचं नसेल, तर गाभ्याचा साग राखाडी रुपेरी होतो आणि तसाच टिकतो. मला तो रंग आवडतो.

आता लाकूड कुठलं घ्यायचं? डेपोत ओंडक्याच्या मध्याला फीत गुंडाळून गोलाई मोजतात, तिचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. चार फूट गोलाईचा, दहा फूट लांब ओंडका दहा घनफूट भरतो. त्यातून दाराच्या चौकटींचे लांब सरळ तुकडे काढल्यावर दोन-अडीच फुटांचे गाभ्याचे तुकडे उरतात आणि ते स्वस्तात जातात. ओट्याखालचे आधार सोळा ते अठरा इंचांवर असतात, त्यामुळे हे आखूड तुकडे तिथे पुरून उरतात. उत्तम लांब ओंडका पर्यटकांच्या पायाखाली घालण्यापेक्षा हे शहाणपणाचं आहे. अडचण एकच: तुकडे वाढले की टोकं वाढतात, आणि फळी पाणी पिते ती टोकातूनच, सपाट अंगापेक्षा कितीतरी पट वेगाने. त्यावर तोडगा असा की जिथे दोन तुकडे भिडतात तिथे जोड आधार घालायचे, दोघांत बोटभर जागा ठेवायची म्हणजे पाणी मधून गळून जाईल, आणि कापल्या कापल्या टोकांना पातळ केलेलं मेण चोपडायचं. बसवल्यानंतर तिथे ब्रश पोहोचत नाही.