एकादशीचे पाहुणे

पहाटे साडेचार. रात्री भिजवलेला तीन किलो साबुदाणा हाताने मोकळा करते. आज ज्येष्ठ वद्य एकादशी. माउलींची पालखी पुण्याहून निघून, दिवेघाट चढून आमच्या सासवडला येईल. आमच्याकडे उतरणाऱ्या पंचवीस बाया निघायच्या तयारीत असतील. पुढे तीस-एक किलोमीटर चाल, तीही उपाशीपोटी.

सकाळी आठ. शेंगदाणे भाजून कूट. मग पाणी. टाकी, पिंपं, कळश्या, सगळं काठोकाठ. उद्या पहाटे तीनपासून आंघोळी सुरू होतील आणि आमचं न्हाणीघर एकच. शेजारच्या वहिनींनी यंदाही त्यांचं उघडून दिलं.

दुपारी दोन. पडवीत सतरंज्या. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्याची बातमी आली.

संध्याकाळी सात. दारात हाक, "माउली!" आधी पाय. घमेल्यात मीठ टाकलेलं कोमट पाणी, मग खोबरेल. फोड आला असेल तर सुईने त्यातून दोरा ओवायचा, पाणी निघून जातं. कातडी मात्र सोलायची नाही. हे मला गंगाखेडच्या आजींनी शिकवलं.

आजी जनाबाईच्या गावच्या. डोक्यावर तुळस घेऊन यायच्या. पहिल्या वर्षी द्वादशीच्या पारण्याला मी हौसेने पोळ्या केल्या. बाया भराभर जेवल्या, पण पोट भरलं नाही हे आजींनी ओळखलं. काही न बोलता चुलीपुढे बसल्या, परात ओढली. "पोरी, जवारीचं पीठ हाय का?" त्या दिवशी माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणी झाले आणि भाकरी पातळ कशी थापायची ते शिकले. वीस वर्षांच्या संसारात आलं नव्हतं ते.

2020 साली पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. एकादशीला पडवी रिकामी. दिवेलागणीला फोन वाजला. "पोरी, भाकरी थापलीस का?" मला उत्तर देता आलं नाही. 2022 ला वारी पुन्हा पायी निघाली, आजी आल्या. आता गुडघे साथ देत नाहीत. यंदा नातसून आली आहे. पिशवीत त्यांच्या शेतातली पाच किलो ज्वारी.

रात्री साडेनऊ. भगर, शेंगदाण्याची आमटी, खिचडी. तळावर समाजआरती झाली. सासवड सोपानदेवांच्या समाधीचं गाव; थोरला भाऊ धाकट्याकडे आला, असंच आम्ही मानतो. पालखी इथे दोन रात्री राहते.

रात्री अकरा. पडवीत पंचवीस जणी गाढ झोपल्या आहेत. वळचणीला ओली लुगडी. उशाशी टाळ.

द्वादशी, पहाटे तीन. बंब पेटवला. नातसुनेने न सांगता परात ओढली. थापण्याचा आवाज तोच.

पालखीच्या वाटेवर तुमचं घर असेल, तर यंदा एक खोली मोकळी करा. पाणी भरपूर तापवा, आणि ज्वारीचं पीठ आणून ठेवा.