पत्ता लांबला, रकाना तोकडा

बऱ्याच रुग्णालयांत केसपेपरची जागा आता संगणकाने घेतली आहे. रक्ताचे अहवाल, एक्स-रे, औषधांच्या नोंदी असे सगळे एका डेटाबेसमध्ये साठते. रुग्णाची फाइल कोणी, केव्हा आणि कुठून उघडली, याचीही नोंद त्यात ठेवता येते. एचआयव्हीची तपासणी, मानसिक आजारावरचे उपचार किंवा गर्भपात यांची माहिती बाहेर फुटली, तर शोध या नोंदीपासूनच सुरू होतो. फाइल कुठून उघडली, हे सांगतो तो आयपी पत्ता.

हा पत्ता लिहिण्याची पद्धत सध्या बदलते आहे. १९८१ साली ठरलेल्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असतो आणि त्यातून सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले हे पत्ते फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. त्यामुळे १२८ बिटांची आयपीव्ही६ पद्धत हळूहळू रुळत गेली. भारतात मोबाईल इंटरनेटचा मोठा भाग आज तिच्यावर चालतो.

अडचण येते ती रकान्याच्या रुंदीची. जुना पत्ता लिहायला जास्तीत जास्त १५ अक्षरे लागतात. म्हणून अनेक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना तेवढाच ठेवलेला असतो. नवा पत्ता पूर्ण लिहिला, तर ३९ अक्षरे होतात आणि एका विशेष प्रकारात ४५. अशा वेळी डेटाबेस एक तर नोंद नाकारतो, नाही तर नियम सैल ठेवलेले असतील तर उरलेला भाग कापून टाकतो. नोंद नाकारली गेली, तर निदान कोणाच्या तरी लक्षात येते. कापलेला पत्ता मात्र यादीत बिनबोभाट बसून राहतो.

पूर्ण लिहिलेल्या नव्या पत्त्यात चार-चार अक्षरांचे आठ गट असतात. १५ अक्षरांत त्यांतले पहिले तीनच मावतात. तेवढ्यावरून ६५,५३६ वेगवेगळ्या छोट्या नेटवर्कपैकी कोणतेही एक असू शकते. घराऐवजी फक्त तालुक्याचे नाव हाती लागावे, तशी ही गत. भारतातील सायबर सुरक्षा यंत्रणा सर्ट-इनने २०२२ मध्ये संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधन घातले आहे. पण नोंदच अर्धी असेल, तर ती जपून तपासाला काय मिळणार?

दुसरा घोळ लिहिण्याच्या रीतीचा. नव्या पत्त्यातली शून्ये गाळता येतात, त्यामुळे एकच पत्ता अनेक प्रकारे लिहिला जातो. एकाच रुग्णाचे नाव दोन स्पेलिंगांनी लिहून दोन केसपेपर निघावेत, तसेच इथे होते. अक्षरे जुळवून शोधणाऱ्या संगणकाला ते दोन वेगळे पत्ते वाटतात.

दोन्हींवर उपाय आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘आयनेट’ नावाचा खास रकाना आहे. त्यात दोन्ही पद्धतींचे पत्ते बसतात आणि लिहिण्याची रीत वेगळी असली तरी तुलना बरोबर होते. मायएसक्यूएलमध्ये ५.६ आवृत्तीपासून पत्ता १६ बाइटांच्या रूपात साठवण्याची सोय आहे. मात्र रकाना बदलल्याने आधीच कापला गेलेला भाग परत मिळत नाही. म्हणून ही दुरुस्ती माहिती फुटण्याआधी व्हायला हवी.

रुग्णालयाच्या प्रशासनाला एक सोपी चाचणी करता येईल. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला समोर बसवून आयपीव्ही६ जोडणीवरून लॉगिन करावे आणि नोंदीत पूर्ण पत्ता उमटतो का ते पाहावे. नवे सॉफ्टवेअर घेताना ही अट करारातच घालावी. रुग्ण आणि नातेवाइकांनीही ‘आमची फाइल कोणी उघडली, याची नोंद राहते का?’ असे विचारायला संकोचू नये. डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींची राखण या नोंदीवरही अवलंबून असते.