संगणकाची श्रेणी उतरवताना

निवासी शाळांना देणगीरूपाने मिळणारे संगणक हा आज शिक्षणाचा मोठा आधार ठरला आहे. कंपन्या काही वर्षांनी आपली यंत्रे बदलतात आणि तेथे नोकरीस असलेले माजी विद्यार्थी ती आठवणीने शाळेकडे वळवतात. यंत्रे सुस्थितीत असतात. परंतु काही महिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करण्याची सूचना उमटू लागते आणि संगणक बिघडला, असा सर्वांचा समज होतो. वस्तुतः यंत्र बिघडलेले नसते. त्यातील विंडोजचा परवाना शाळेचा नसतो, एवढेच. यावरचा सरळ उपाय म्हणजे विंडोजची श्रेणी उतरवणे. तो कसा करावा, हे येथे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा. एखाद्या ग्रंथाची पहिली, दुसरी, सुधारित तिसरी आवृत्ती निघते, तशा विंडोज ७ (२००९), विंडोज १० (२०१५) आणि विंडोज ११ (२०२१) या कालक्रमाने आलेल्या आवृत्त्या होत. मात्र एकाच आवृत्तीच्या साध्या व कापडी बांधणीच्या प्रती वेगवेगळ्या किमतींना विकल्या जाव्यात, त्याप्रमाणे प्रत्येक आवृत्तीच्या होम, प्रो, एंटरप्राइझ अशा श्रेणी असतात. २००१ साली विंडोज एक्स-पी बाजारात आली तेव्हाही घरासाठी ‘होम’ आणि व्यवसायासाठी ‘प्रोफेशनल’ अशी विभागणी होतीच. आपण येथे आवृत्ती बदलत नाही, श्रेणी बदलतो. खालची श्रेणी म्हणजे कमी सोयींची श्रेणी. कमी दर्जाची नव्हे.

आता ही अडचण उद्भवते कशी, ते पाहू. मोठ्या कंपन्या एंटरप्राइझ श्रेणी घाऊक परवान्यावर घेतात. पुष्कळ ठिकाणी या परवान्याची खातरजमा कंपनीच्याच सर्व्हरकडून होते आणि तिची मुदत १८० दिवसांची असते. संगणक कंपनीच्या जाळ्यात असतो तोवर तो अधूनमधून या सर्व्हरशी संपर्क साधून मुदत वाढवून घेतो. शाळेत आल्यावर हा संपर्क तुटतो आणि मुदत संपताच सूचना सुरू होते. कंपनीने यंत्र दिले, तरी तिचा घाऊक परवाना त्यासोबत येत नाही.

मात्र बहुतेक यंत्रांना त्यांचा स्वतःचा मूळ परवानाही असतो. यंत्र नवे विकले गेले तेव्हा त्यात जी श्रेणी होती, तिचा तो परवाना. विंडोज ७ च्या काळातील यंत्रांवर २५ अक्षर-अंकांची किल्ली छापलेली चिकटपट्टी आढळते. विंडोज ८ पासून ही किल्ली बहुधा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते आणि नव्याने विंडोज बसवताना ती आपोआप वाचली जाते. कंपनीच्या यंत्रांत ती बहुधा प्रो श्रेणीची, तर घरगुती यंत्रांत होम श्रेणीची असते. सध्याची श्रेणी कोणती आणि ती ॲक्टिव्हेट आहे की नाही, हे ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’ या भागात दिसते.

वर चढणे सोपे आणि खाली उतरणे कठीण, असा येथील नियम आहे. होमवरून प्रोवर जाताना योग्य किल्ली दिली की पुरते. फायली व प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. एंटरप्राइझवरून प्रोवर येणेही किल्ली बदलून साधू शकते. परंतु प्रोवरून होमवर यायचे, तर सारे पुसून विंडोज नव्याने बसवण्यावाचून मार्ग नाही. देणगीच्या यंत्राबाबत तर आम्ही नेहमी नवी मांडणीच सुचवू. कारण जुन्या मालकाची माहिती डिस्कवर राहणे दोघांच्याही हिताचे नाही.

त्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. शाळेचे काही काम त्या यंत्रावर झाले असेल, तर निकालपत्रके, छायाचित्रे आदी सर्व फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून त्या उघडतात की नाही, ते तपासावे. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर ते आधी काढावे. अन्यथा ४८ अंकी किल्लीवाचून त्या फायली हाती लागत नाहीत. तसेच कंपनीने यंत्र आपल्या ऑनलाइन नोंदवहीत ठेवले असेल, तर नव्या मांडणीनंतरही ते कंपनीचेच खाते मागू शकते. ही नोंद फक्त कंपनीलाच काढता येते.

श्रेणी उतरल्याने विद्यार्थ्यांचे काय अडते? होममध्ये यंत्र कार्यालयीन डोमेनला जोडता येत नाही, ग्रुप पॉलिसीचे नियम लावता येत नाहीत, दुसरीकडून रिमोट डेस्कटॉपने त्या यंत्रात शिरता येत नाही. परंतु मराठी टंकलेखन, युनिकोड, इनस्क्रिप्ट कळफलक, इंटरनेट, सुरक्षा सुधारणा आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी मर्यादित अधिकारांचे खाते, हे सारे होममध्येही आहे. वर्गाचे काम अडत नाही.

अल्प मोबदल्यात ‘क्रॅक’ टाकून सूचना घालवणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच त्यातील धोका उघड आहे. शिवाय जे दिलेले नाही ते घेऊ नये, हे आपल्या मुलांना नव्याने सांगावे लागत नाही. मग त्यांच्यासमोरच्या पडद्यावर वेगळे का असावे? मूळ परवानाच नसेल, तर लिनक्सवर आधारित उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ प्रणाली विनामूल्य वापरता येते. केरळच्या शासकीय शाळांनी मुक्त प्रणालीवर शिक्षण यशस्वीपणे चालवून दाखवले आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने, विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या यंत्रांसाठीही हा पर्याय विचारात घ्यावा.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच की, यंत्रांसोबत कंपनीकडून एक पत्र आणावे. यंत्र शाळेला कायमचे दिले आहे, डिस्क पुसली आहे, कंपनीच्या नोंदवहीतून ते वगळले आहे आणि त्याचा मूळ परवाना अमुक श्रेणीचा आहे, या चार गोष्टी त्यात असाव्यात. एवढे झाले, तर तुमची देणगी सहा महिन्यांनी कोपऱ्यात पडून राहणार नाही; तुमच्या मागून येणाऱ्या मुलामुलींच्या हाताखाली ती वर्षानुवर्षे चालत राहील.