मायक्रोस्कोप आहे, पडदा नाही

कुंभकोणमहून एका काकूंचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. काकू तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या. नोकरी संपली तरी आसपासच्या खेड्यांतल्या पोरीबाळींना दवाखान्यात नेणं त्यांनी सोडलेलं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी केलेल्या बायकांच्या तपासणीवरचे माझे दोन लेख वाचून त्या विचारतात, ‘ते जंगलातल्या बायकांचं झालं. आमच्या कावेरीकाठी बस आहे, शाळा आहे, सरकारी दवाखाना आहे. मग लग्नाला वर्षही न झालेल्या मुली पांढरं जातंय म्हणून माझ्याकडे का येतात? दवाखान्याची पायरी का चढत नाहीत?’

काकू, याचं उत्तर तुमच्याच राज्यात मिळालेलं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. जास्मिन प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कणियंबाडी गटातल्या खेड्यांमधल्या 16 ते 22 वयाच्या 451 विवाहित मुलींची तपासणी केली. 2005 साली ते निष्कर्ष छापून आले. राणीताई बंगांनी तरुण-म्हाताऱ्या सगळ्याच बायका तपासल्या होत्या, इथे मात्र नुसत्या तरुण सुना. त्यांतल्या 53 टक्के जणींना काही ना काही त्रास होता. प्रयोगशाळेत 28 टक्के जणींना शरीरातल्याच जंतूंचा तोल बिघडून झालेला संसर्ग निघाला आणि 15 टक्के जणींना लैंगिक संबंधातून आलेला.

हे दोन आकडे वेगवेगळे वाचा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पांढरं जातं म्हटलं की सासू सुनेकडे संशयाने बघते. पण या मुलींमध्ये जास्त प्रमाण होतं ते कुणाकडूनही न आलेल्या संसर्गाचं. आणि ज्यांना तो संबंधातून आला, त्यांनी तरी काय केलं होतं? लग्न!

याच ठिकाणी डॉ. सुनीती सॉलोमन यांची आठवण काढायलाच हवी. त्या मूळच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. 1986 साली त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित रक्तनमुने शोधले. ते होते वेश्याव्यवसायातल्या, सुधारगृहात ठेवलेल्या बायकांचे. त्यामुळे ‘तसल्या’ बायकांचा रोग अशी सगळ्यांची सोयीस्कर समजूत झाली. पुढे वडिलांच्या नावाने काढलेल्या केंद्रात सुनीतीबाईंसमोर येऊन बसल्या त्या गृहिणी. 2000 साली तिथल्या 134 बाधित स्त्रियांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांत बहुसंख्य घरसंसार करणाऱ्या होत्या आणि बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला होता. आज पंचवीस वर्षांनीही आपल्या जनजागृतीच्या फलकांवर ही गृहिणी दिसत नाही, याचा मला राग येतो.

आता तुमचा ‘का जात नाहीत’. वेल्लोरमधल्या त्रास असलेल्या मुलींपैकी दोनतृतीयांश जणींनी कुठेच उपचार घेतले नव्हते. कारणं त्यांनीच सांगितली आहेत. जवळच्या केंद्रात बाई डॉक्टर नाही. आडोसा नाही. लांब पडतं, पैसे लागतात. आणि हे बाईच्या जातीला असायचंच. तुमच्याकडे अंगातल्या उष्णतेवर खापर फुटतं, आमच्याकडेही तेच. मग ताक, सब्जा, आणि महिनोन्‌महिने गप्प बसणं.

म्हणजे अडलंय ते यंत्रापाशी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरिया आणि टीबी बघायला मायक्रोस्कोप असतो. त्याच मायक्रोस्कोपवर काय दिसतं ते सांगतो. काचपट्टीवर सलाइनचा एक थेंब घ्यायचा, त्यात योनिस्रावाचा बोळा फिरवायचा, वर पातळ काच ठेवायची आणि लगेच बघायचं. ट्रायकोमोनस असेल तर पांढऱ्या पेशीहून किंचित मोठा, नासपतीसारखा जीव झटके देत, गिरक्या घेत फिरताना दिसतो. पट्टी गार झाली, दहा-वीस मिनिटं गेली की तो मंदावतो आणि मग ओळखू येत नाही. पॅरिसच्या आल्फ्रेड दोने यांनी 1836 साली तो असाच ताज्या स्रावात पाहिला होता. ही पद्धत बऱ्याच बाधित बायका हुकवते, आणि क्लॅमिडिया तर तिच्यात दिसतच नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. टीबीसाठी बसवलेल्या जीनएक्स्पर्ट यंत्रात क्लॅमिडिया-गोनोरियाचं निराळं काडतूस घालून ती करता येते. पण मुलगी टेबलावर निजायलाच तयार नसेल तर स्राव घेणार कसा? दाराला कडी, खिडकीला पडदा आणि तपासणारी बाई. आधी एवढं झालं पाहिजे.

ते नाही म्हणून लक्षणावरून औषध देतात. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये रंगीत पाकिटं असतात: योनिदाहाला हिरवं, गर्भाशयमुखाच्या संसर्गाला राखाडी, ओटीपोट दुखण्याला पिवळं. जिथे तपासणीची सोयच नाही तिथे ही पाकिटं उपयोगी पडतात, हे मी मानतो. तरी क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काहीच त्रास जाणवत नाही. त्या पाकीट मागायला येत नाहीत. त्यांतल्या काहीजणी काही वर्षांनी येतात त्या मूल होत नाही म्हणून. तेव्हा गर्भनलिका बंद झालेल्या असू शकतात.

पत्रात शेवटी विचारलंय, नवऱ्यालाही औषध द्यायचं का? ट्रायकोमोनस, गोनोरिया, क्लॅमिडिया, सिफिलिस यांत द्यायचंच, त्याला काही होत नसलं तरी. त्याच्याशिवाय तिचा उपचार पुरा होत नाही. बुरशीच्या संसर्गात, त्याला खाज किंवा पुरळ नसेल तर, सहसा गरज नसते. आणि दोघांचा उपचार पुरा होईस्तोवर संबंध टाळायचा किंवा निरोध वापरायचा, हे सुनेला एकटीला सांगून भागत नाही. नवऱ्याला समोर बसवूनच सांगा. तुम्ही सोबत जाताच आहात, तर पुढच्या वेळी त्यालाही घेऊन जा.